पहिल्या टीवर हात का कापतात?

(वाचकांचे प्रश्न : मैदान आणि मन)

गोल्फवरची पत्रं या सदराच्या टपालात पूर्वी क्वचित यायची. पाठांतर विसरणारी मुलं, मुलाखतीत अडखळणारी तरुण मंडळी, स्टेजवर गेल्यावर ज्यांचा गळा बसतो अशा गायिका, हा आमचा नेहमीचा माल. पण खारघरला सिडकोचा गोल्फ कोर्स झाला आणि क्लबचं पिढीजात सदस्यत्व नसलेली, चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा हा खेळ हाती घेणारी माणसं आपल्याकडे दिसू लागली. या वेळी चार पत्रं याच विषयावर आली आहेत. आयुष्यभर मी मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर वाशीहून खारघरला जाऊन सुमार गोल्फ खेळते, एवढाच माझा अधिकार. जागेअभावी पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी सानपाड्याला राहतो. वय ४६, खासगी कंपनीत विक्री विभागात आहे. वरिष्ठांच्या आग्रहानं गोल्फ सुरू केला. रेंजवर (सरावाच्या जागी) सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे फटका मारायची काठी) बरी लागते, एखाद्या दिवशी ड्रायव्हरसुद्धा (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब). पण पहिल्यांदा कोर्सवर गेलो आणि पहिल्या टीवरच (पहिला फटका जिथून मारतात तिथेच) वाट लागली. मागे नंतरचा ग्रुप ताटकळत उभा, दोन कॅडी (बॅग वाहणारे), स्टार्टर (पाळी लावून देणारा). हातांना घाम, घशाला कोरड. पहिला फटका नुसता हवेत फिरला. दुसऱ्याला बॉल टॉप झाला (क्लब बॉलच्या माथ्यालाच लागला) आणि घरंगळत टी बॉक्सच्या बाहेर जेमतेम गेला. मागून कुणीतरी खाकरलं. उरलेला सगळा वेळ तेच डोक्यात. आता माझ्या साडूनं त्याच्या दोन मित्रांबरोबर खारघरला फोरबॉल (चौघांचा खेळ) ठरवलाय. तो म्हणतो, ‘अरे त्यात काय, बॉल तर जागेवरच असतो!’ मला आत्तापासून झोप नाही. काहीतरी कारण काढून टाळू का? ही भीती जाण्यासाठी काय करू?

उत्तर : टाळू नका. साडूला एकदा नाही म्हटलंत की दर दिवाळीला फराळाबरोबर तो विषय निघणार, हे तर झालंच. पण टाळल्यावर जे हायसं वाटतं, त्यानंच भीती मुरते. पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं आणि जाणं आणखी अवघड. मात्र भीती घालवण्याच्याही मागे लागू नका. धडधड होणार. ती होत असतानाही जे जमेल तेवढंच त्या पहिल्या टीवर स्वतःकडे मागायचं. माझं सगळं उत्तर याच एका हिशोबाचं आहे.

आधी तुमच्या साडूंचं वाक्य घेऊ. बॉल जागेवर असतो हे खरं, आणि पंचाईत तिथेच आहे. तुमची पिढी चाळीत नाहीतर सोसायटीच्या आवारात टेनिस बॉलवर वाढली. तिथे बॉल येतो, डोळा बघतो, हात जातात. विचाराला सवडच मिळत नाही. इथे बॉल निवांत पडलेला, सुरुवात तुम्ही करायची, आणि त्या मोकळ्या दहा-पंधरा सेकंदांत मन नको नको ते उकरून काढतं. शिवाय क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर दांडी गुल झाली तर पॅव्हेलियनमध्ये जाऊन तोंड लपवता येतं. इथे फजिती झाल्यावर त्याच तिघांबरोबर पुढचे काही तास चालायचं असतं.

आता लोकांसमोर नेमकं काय बिनसतं ते सांगते. हा माझ्या वर्गातला आवडता तास होता, त्यामुळे थोडं लांबेल. कुणी बघत असलं की काम सुधारतं की बिघडतं, यावर मानसशास्त्रात बरीच वर्षं उलटसुलट निष्कर्ष निघत होते. १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं त्यातला गुंता सोडवला. आजूबाजूला कुणी असलं की शरीर चेतवलं जातं, आणि चेतवलेलं शरीर आपली सर्वांत पक्की सवय पुढे करतं. काम अंगवळणी पडलेलं असेल तर ही पक्की सवय बरोबर असते, म्हणून लोकांसमोर ते अधिक चांगलं होतं. काम नवं असेल तर पक्की सवय चुकीची असते, आणि नेमकी तीच बाहेर येते. पुढे १९६९ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. दिव्याच्या उजेडातून अंधाराकडे पळायला सरळ रस्ता असेल तर बाजूच्या पारदर्शक खोक्यांत प्रेक्षक झुरळं असताना झुरळ जास्त जोरात पळालं. रस्ता वळणाचा केल्यावर मात्र प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

तेव्हा हवेत फिरलेल्या क्लबचा तुमच्या मनोधैर्याशी वगैरे फारसा संबंध लावू नका. सोसायटीचा वॉचमन मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला लागला की नव्यानं गाडी शिकलेल्या माणसाची गाडी खांबाला लागते आणि तीच गाडी जुना ड्रायव्हर एका हातानं लावतो, तसलाच हा प्रकार आहे. तुमच्या हातांची पक्की सवय अजून बॅटची आहे. खालच्या हातानं ओढायचं, बॉल उचलायचा, तो कुठे गेला ते बघायला मान वर करायची. रेंजवर एकटे असताना शिकवलेला स्विंग या सवयीवर मात करतो. माणसं जमली की सवय वरचढ होते. बॉल टॉप होतो तो बहुतेक वेळा याच उचलण्याच्या घाईत.

म्हणून पहिल्या टीवर ड्रायव्हर बॅगेतून काढायचाच नाही. तो तुमच्याकडचा सर्वांत लांब क्लब, होलजवळचा पटर सोडला तर सर्वांत कमी लॉफ्टचा (बॉल वर उचलणाऱ्या तिरपेपणाचा), आणि तुम्हीच लिहिता की तो ‘एखाद्या दिवशी’ लागतो. सेव्हन आयर्न तुम्हाला येते, तर सेव्हन आयर्न मारा. बॉल टीवर, म्हणजे त्या छोट्या खुंटीवर, ठेवा, पण खुंटी जवळजवळ जमिनीलगत. साडू भुवया उंचावतील. उंचावू देत. समजा होल पार फोर (चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला) आहे आणि साडेतीनशे यार्डांचा आहे. शंभर-शंभर यार्डांचे तीन साधे फटके, पन्नास यार्डांची एक चिप (छोटा उचललेला फटका), मग दोन किंवा तीन ‘पट’ (ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे, घरंगळते फटके). झाले सहा किंवा सात. २०२० पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅपच्या (खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे अठरा होलमध्ये दर होलला पारपेक्षा तीन फटके जास्त. पार फोरवर सात. नवख्यानं सात फटके घ्यावेत, हे खेळ चालवणाऱ्यांनीच गृहीत धरलेलं आहे, आणि तुम्ही उगाच चारच्या मागे लागून नऊ करता.

रेंजवरच्या सरावातही एक बदल करा. रेंजवर बादलीभर बॉल पुढ्यात असतो, एक गेला की लगेच दुसरा ओढायचा. मॅटमुळे बॉलच्या मागे जमिनीत बसलेला फटकाही सरकत जाऊन बरा लागल्यासारखा वाटतो. म्हणून रेंजवरचे चांगले फटके थोडे फसवे असतात. शेवटचे मोजके बॉल वेगळे काढून ठेवा आणि ते कोर्सवरच्यासारखे खेळा. प्रत्येकाआधी मागे जाऊन उभं राहा, लक्ष्य ठरवा, एक सराव स्विंग करा, मग एकच फटका. पुन्हा मागे. घरातल्या कुणाला तरी न्या आणि त्याला मोबाइलवर चित्रण करत समोर उभं करा. मुलगा असेल तर उत्तम, कारण बापाच्या फटक्यांवर हसण्याची संधी तो सोडणार नाही. थोडी शरम वाटेल, आणि तोच सराव हवा आहे. एकांतात कितीही बॉल मारले तरी बघणाऱ्या माणसांची सवय होत नाही.

फटक्याआधीचा क्रम ठरलेला असला की त्या मोकळ्या सेकंदांत मनाला काम मिळतं. माझा सांगते. बॉलच्या मागे उभं राहून दूरचं लक्ष्य बघायचं, मग त्याच रेषेत बॉलपुढे दोन-तीन फुटांवर एखादं वाळकं पान, गवताचा वेगळा रंग, काहीही हेरायचं. जॅक निकलॉससारखा खेळाडू हेच करायचा, तेव्हा आपण करायला लाजू नये. दूरचा झेंडा बघून छाती दडपते, जवळच्या पानावर बॉल पाठवणं आवाक्यातलं वाटतं. मग एक लांब उच्छ्वास. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, कारण सोडताना हृदयाचा वेग उतरतो. मग पकड तपासायची. घाबरलं की मुठी आवळल्या जातात, मनगटं ताठ होतात आणि स्विंग अर्ध्यात अडतो. दहापैकी चार एवढाच जोर ठेवा. हातांना घाम येतो म्हणता, तर कोरडा नॅपकिन बॅगेला बाहेरच लटकवा, शोधत बसावं लागू नये. नियमांची शिफारस आहे की पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा. हे सगळं त्यात आरामात बसतं.

‘डोकं रिकामं ठेवा’ असं कुणी सांगेल. तो सल्ला मुरलेल्यांसाठी आहे. सिआन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी पटिंगवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अनुभवी खेळाडू आपल्या हालचालीकडे लक्ष देऊ लागले की बिघडतात, पण नवखे मात्र लक्ष देऊन, सावकाश खेळले तर जास्त चांगलं खेळतात. तेव्हा डोक्यात एक विचार असू द्या. एकच. ‘पूर्ण वळ’ किंवा ‘मान खाली’. व्हिडिओंमधले पाच विचार एका स्विंगमध्ये कोंबू नका.

त्या दिवशी वेळेच्या पुष्कळ आधी पोहोचा. पाम बीचवरून धावतपळत येऊन थेट टीवर उभं राहणं म्हणजे धडधडीला आणखी फोडणी. उपाशीपोटी दोन चहा मारूनही जाऊ नका. चहानं हात जास्त थरथरतात. पोहे खा. बॉल जुने, वापरलेले न्या. नवा कोरा महागडा बॉल हरवण्याची भीती ही एक वेगळीच भीती आहे आणि ती विकत घेण्याचं कारण नाही.

तिघांना टीवर जाण्याआधी एकदाच, साध्या आवाजात सांगून टाका : ‘मी नवा आहे, सेव्हन आयर्ननं खेळणार आहे, हळू वाटलं तर सांगा.’ नंतर पुन्हा पुन्हा माफी मागायची नाही. दर फटक्यानंतर ‘सॉरी, सॉरी’ करणाऱ्याबरोबर खेळणं हे वाईट खेळणाऱ्याबरोबर खेळण्यापेक्षा फार कंटाळवाणं असतं. गोल्फर चिडतात ते रेंगाळण्यावर. बॉल सापडेना तर नियमानं शोधायला तीन मिनिटं आहेत, २०१९ पूर्वी पाच होती. तुम्ही त्याहून आधीच सोडून द्या आणि दुसरा टाका. सात फटके झाले आणि अजून ग्रीन लांब आहे, तर बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चालू लागा. मैत्रीच्या खेळात हे चालतंच, पण स्पर्धेतही त्याची सोय आहे. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी काढलेली गुणांची पद्धत १९३२ मध्ये वॉलसी इथे वापरात आली. तिच्यात एका होलवर कितीही माती केलीत तरी शून्य मिळतं, उणे काही होत नाही. साडूंना सांगा, आपण स्टेबलफर्डनं खेळू. पहिल्या होलची घाण दुसऱ्यावर येणार नाही.

आणि क्लब हवेत फिरलाच तर? मारण्याच्या इराद्यानं फिरवला तर तो एक फटका धरला जातो. पण बॉल अजून टी बॉक्सवरच असेल तर तुम्ही तो पुन्हा टीवर ठेवू शकता, हवं तर थोडा सरकवूनही, दंड नाही. टॉप होऊन टी बॉक्सच्या हद्दीतच राहिला तरीही हीच मुभा आहे. नुसतं पवित्रा घेताना क्लबचा धक्का लागून बॉल टीवरून पडला तर तो फटकाच नाही. उचला, ठेवा, मारा. हे पाठ असलं की घाबरलेल्या माणसाला बराच आधार होतो, कारण निम्मी घाबरगुंडी ‘आता काय करायचं असतं?’ याचीच असते.

राहिला तो खाकरणारा. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या जणांनी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्या लक्षात आला होता. पहिल्या टीमागे उभे असलेले लोक तर त्याहून बेपर्वा. ते स्वतःच्या पहिल्या फटक्याचा विचार करत असतात. त्या गृहस्थांना बहुधा खोकला झाला असेल.

थोरामोठ्यांचे दाखले देऊन धीर द्यायची माझी पद्धत नाही, पण एक देते, कारण त्यात सेव्हन आयर्नच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्याविरुद्धही पुरावा आहे. २०१९ ची ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा उत्तर आयर्लंडमध्ये पोर्ट्रशला होती, तब्बल ६८ वर्षांनी. रॉरी मॅकिलरॉय तिथलाच पोरगा, सोळाव्या वर्षी त्याच कोर्सवर एक फेरी ६१ फटक्यांत संपवलेला. घरची माणसं बघत असताना त्यानं पहिल्या टीवर सावधपणे आयर्न घेतली, आणि बॉल डावीकडे हद्दीबाहेर. पार फोरवर आठ फटके. पुढे एका फटक्यानं कट (शेवटच्या फेऱ्यांसाठीची पात्रता) हुकला. तेव्हा आयर्न घेऊनही फजिती होऊ शकते. माझं म्हणणं इतकंच की ती कमी वेळा होते.

टीवर चढताना मनात ‘शांत हो, शांत हो’ म्हणू नका. चेतलेलं शरीर हुकमानं शांत होत नाही. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी काही जणांना गाण्याआधी, भाषणाआधी ‘मला हुरूप आलाय’ असं मोठ्यानं म्हणायला लावलं, तर ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांचं काम चांगलं झालं. तुम्ही साडूंना मोठ्यानं म्हणा, ‘चला, मजा येणार आज.’ थोडं नाटकी वाटेल. विक्री विभागात आहात, जमेल.

जमलं तर पहिले किंवा दुसरे मारा. चौथ्या क्रमांकावर थांबून तिघांचे ड्राइव्ह बघत बसलात तर हातात आपोआप ड्रायव्हर येईल.

प्रश्न : मी ठाण्याची, घोडबंदर रोडला राहते. वय ५८. मुलं परदेशी, म्हणून आम्ही दोघांनी एकत्र गोल्फ शिकायला घेतला. ‘हे’ माझ्या आधी सहा महिने शिकले. मी पवित्रा घेतला की यांचं सुरू : गुडघे वाक, कोपर सरळ, डोकं हलवू नकोस. मैत्रिणींबरोबर असते तेव्हा बॉल छान जातो. यांच्यासमोर पोटात गोळाच येतो. बोलले तर म्हणतात, तुझ्या भल्यासाठीच सांगतो.

उत्तर : ताई, त्यांच्यावर नियम क्रमांक १०.२ चालवा. स्पर्धेत एका खेळाडूनं दुसऱ्याला फटक्याविषयी सल्ला देणं मना आहे, जोडीदार म्हणून एका बाजूनं खेळत असतील तर गोष्ट वेगळी. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) सल्ला देणाऱ्याला दोन फटके दंड. म्हणजे ‘गुडघे वाक’ दोन, ‘कोपर सरळ’ दोन, ‘डोकं हलवू नकोस’ आणखी दोन. पुढच्या खेपेला स्कोअरकार्ड तुम्ही लिहा आणि त्यांच्या नावापुढे प्रामाणिकपणे मांडत जा. तिसऱ्या होलपर्यंत बोलणं आपसूक कमी होईल.

नियमात एक पळवाट आहे. कॅडी आपल्या खेळाडूला सल्ला देऊ शकतो. यजमानांना फारच राहवत नसेल तर त्यांनी त्या दिवशी खेळू नये, तुमची बॅग उचलावी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं, तेव्हा तिची बॅग तिच्या आईनं वाहिली होती. रिओला वडिलांनी. घरच्या माणसानं सोबत असायला हरकत नाहीच, पण त्या घरच्या माणसाच्या खांद्यावर बॅग होती हे यजमानांना जरूर वाचून दाखवा.

गंमत बाजूला ठेवून एक सांगते. पवित्रा घेतल्यावर ऐकलेली कुठलीही सूचना, बरोबर असली तरी, निरुपयोगी असते. मागच्या उत्तरात लिहिलं तसं नवख्याला एका वेळी एकच विचार झेपतो. घरून निघण्याआधी, गाडीत, दोघांनी मिळून आजचा एक मुद्दा ठरवा. कोर्सवर त्याव्यतिरिक्त काही नाही. बाकीचं त्यांनी चहाच्या वेळी बोलावं, तेही तुम्ही विचारलंत तर. आणि शिकायला दोघांचा प्रशिक्षक एक असला तरी तुमची वेळ वेगळी घ्या. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायका ठाण्यात किती आहेत ते एकदा मैत्रिणींत विचारून बघा.

प्रश्न : बेलापूर, वय ६१, सेवानिवृत्त. माझे लांबचे फटके ठीक आहेत. पण दोन-तीन फुटांचा पट आला की उजवा हात मध्येच झटका देतो आणि बॉल होलच्या कडेनं जातो. सगळे थांबून बघत असतात. इंटरनेटवर ‘यिप्स’ नावाचा आजार वाचला. मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं का?

उत्तर : कप धरताना, सही करताना, बटण लावतानाही हात थरथरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि हे काम पुढे ढकलू नका. फक्त छोट्या पटवरच होत असेल तर घाबरण्यासारखं दिसत नाही. यिप्स हा प्रकार बहुतेक करून वर्षानुवर्षं खेळलेल्यांना छळतो. काहींच्या बाबतीत मज्जासंस्थेचा बिघाड असतो, काहींच्या बाबतीत निव्वळ दडपण. बर्नहार्ड लँगरनं तो भोगला आणि तरी १९८५ व १९९३ अशी दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, पकड बदलून बदलून. २०१६ च्या मास्टर्समध्ये एर्नी एल्सनं पहिल्याच ग्रीनवर दोन-तीन फुटांवरून सुरुवात करून सहा पट घेतले. तुम्ही अजून त्या यादीत बसण्याइतके जुने झालेला नाहीत, क्षमा असावी.

तुमच्या बाबतीत मला वाटतं ते असं. छोटा पट ‘जायलाच हवा’ असं आपण मानतो, म्हणून त्यात मिळवायचं काही नसतं, नुसतं गमवायचं असतं. मग शेवटच्या क्षणी उजवा हात मदतीला धावतो. त्याला दुसरं काम द्या. डावा हात खाली आणि उजवा वर अशी पकड घेऊन बघा, बऱ्याच जणांचा झटका त्यानं निवतो. डोळे बॉलच्या मागच्या कडेवरच्या एका ठिपक्यावर ठेवा आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथेच राहू द्या. आत पडल्याचं कानांनी ऐका.

घरी सराव करता येतो. फरशीवर बॉल फार पळतो, सतरंजी किंवा गालिचा अंथरा आणि स्टीलचा पेला आडवा ठेवा. गोल्फचा होल १०८ मिलिमीटर रुंद असतो, बॉलच्या अडीच पट. पेल्याचं तोंड त्याहून अरुंद. पेल्यात टाकायची सवय झाली की ग्रीनवरचा होल मोठा वाटायला लागतो. आणि फटका सुरू करण्याआधीच हात कापून पटर बॉलला निसटता लागला, बॉल हलला, तर ग्रीनवर त्याला दंड नाही, चुकून झालं असेल तर. बॉल मूळ जागी ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा. मित्रांनी ‘राहू दे, आत पडला असं धरलं’ म्हटलं तर मात्र सरावासाठी म्हणून खेळून टाका. दर वेळी उचलत राहिलात तर तो दोन फुटांचा पट कायमचा बाकी राहील.

प्रश्न : नेरूळ, वय ५२. मित्र म्हणतो, टी ऑफच्या आधी बीपीची अर्धी गोळी घेतली की हात अजिबात कापत नाहीत, त्याच्याकडे आहेत. नाहीतर एक बिअर. काय बरं?

उत्तर : दोन्ही नाही. दुसऱ्याच्या नावची गोळी घ्यायची नाही, हे नेरूळमधल्या कुठल्याही केमिस्टला विचारलंत तरी सांगेल. मित्र म्हणतो ती बहुधा बीटा ब्लॉकर असावी. ती धडधड आणि थरथर खरोखर कमी करते, म्हणूनच गोल्फच्या स्पर्धांत ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार तिच्यावर बंदी आहे. दमा असलेल्याला, किंवा नाडी मुळातच मंद असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते, आणि खारघरच्या उन्हात चढउतार करताना ते कळावं अशी माझी इच्छा नाही. तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांनी तुम्हाला बीपीसाठी ती दिली असेल, तर मात्र गोल्फसाठी बंद करू नका. बिअर खेळून झाल्यावर, आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या.